‘आमूलाग्र’ लिहिण्याआधी: क्रांती मोजायची कुठून?

आमच्या गाईड मॅडमचा एक नियम आहे. इंग्रजी प्रपोजल लिहायला घेण्याआधी तेच काम एक पानभर मराठीत लिहून दाखवायचं. आपल्याला नक्की किती कळलंय, ते त्यातून लगेच उघडं पडतं. माझं काम तांब्यावर देण्याच्या एका संरक्षक लेपावर आहे. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं: ‘या लेपामुळे तांब्याच्या संरक्षणात आमूलाग्र बदल होईल.’ मॅडमनी ‘आमूलाग्र’खाली रेघ मारली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: ‘कशाच्या तुलनेत?’

तेव्हा वाईट वाटलं होतं. पण आता ज्युनिअर्सची प्रपोजल वाचताना माझाही हात त्याच रेघेकडे जातो. म्हणून या वेळी एका शब्दाबद्दल, खरं तर दोन शब्दांबद्दल लिहितोय.

आमूलाग्र: मुळापासून शेंड्यापर्यंत

शब्द फोडून बघूया. आ + मूल + अग्र. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत. (‘मू’ दीर्घ. ‘आमुलाग्र’ हे चूक, आणि ही चूक छापील मजकुरातही भरपूर दिसते.) इंग्रजीतला ‘रॅडिकल’सुद्धा मुळातूनच आलाय. लॅटिनमध्ये ‘राडिक्स’ म्हणजे मूळ. त्यावरून रॅडिकल आणि त्यावरूनच रॅडिश. आपल्याकडेही मूळ आणि मुळा आहेतच! रसायनशास्त्रातल्या ‘रॅडिकल’ला मराठीत मूलक म्हणतात, ते उगाच नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. इंग्रजी शब्द मुळाशी थांबतो, मराठी शब्द शेंड्यापर्यंत जातो. म्हणजे ‘आमूलाग्र’ हा जास्त मोठा दावा आहे. तो करताना दोन पुरावे द्यावे लागतात: मूळ बदललं याचा आणि शेंडा बदलला याचाही. त्यामुळे ‘थोडाफार आमूलाग्र बदल’ किंवा ‘काही प्रमाणात आमूलाग्र’ असं लिहिता येत नाही. नुसतं रूप पालटलं असेल तर ‘कायापालट’ आहे, एका अवस्थेतून दुसरीत जाणं असेल तर ‘स्थित्यंतर’ आहे. आणि नुसती सुधारणा असेल तर ‘सुधारणा’ म्हणायला लाजायचं कारण नाही.

तांबट आळीत बदललं काय?

मी कसबा पेठेत राहतो. तांबट आळी जवळच. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. अजूनही गल्लीत शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो, मग दुकान दिसतं. एकेकाळी घरोघरी लागणारे बंब, घंगाळं, हंडे स्टीलने आणि गिझरने मागे टाकले. आता तिथे शोभेच्या वस्तू, दिवे, पाण्याची भांडी असा माल जास्त दिसतो.

एखादा विद्यार्थी पटकन लिहील, ‘तांबट व्यवसायात आमूलाग्र बदल झाला.’ झाला का? गिऱ्हाईक बदललं, वस्तू बदलल्या. हा झाला शेंडा. पण मूळ? तांबं तापवून मऊ करायचं, मग हातोडीने ठोकत आकार द्यायचा. शेवटी एकसारखे ठोके मारून जे मठारकाम होतं, त्याने भांडं चकाकतं आणि कडकही होतं. ठोकल्यावर धातूच्या स्फटिकांमधले दोष वाढतात, एकमेकांत अडकतात, म्हणून धातू सहज वाकत नाही. तापवलं की पुन्हा मऊ. ही प्रक्रिया बंबाला जशी होती तशीच दिव्याला आहे. म्हणजे बाजार बदलला, कारागिरी टिकली. ‘आमूलाग्र’ म्हटलं की यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच झाकली जाते: काय टिकलं ती.

मग खरा आमूलाग्र बदल कसा दिसतो?

त्याच तांब्याकडे बघू. तांबं हवेत चांगलं तापवलं की काळं पडतं. अठराव्या शतकातल्या बहुतेक रसायनशास्त्रज्ञांच्या मते धातू असा तापला की त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं. पण तापवलेल्या धातूचं वजन वाढतं, हे लव्हाझिएच्या आधीही माहीत होतं. काहीतरी बाहेर पडतंय आणि वजन मात्र वाढतंय! लव्हाझिएने बंद भांडी आणि तराजू घेऊन दाखवलं की बाहेर काही जात नाही, हवेतलं काहीतरी आत येतं. तेच ऑक्सिजन. आजच्या आकड्यांत सांगायचं तर 63.5 ग्रॅम तांबं पूर्ण काळं झालं की साधारण 79.5 ग्रॅम भरतं. वरचे 16 ग्रॅम ऑक्सिजनचे.

इथे मूळ बदललं: ‘जळणं म्हणजे काय’ याचं उत्तरच उलटं झालं. आणि शेंडाही बदलला: 1787 मध्ये लव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पदार्थांना नवी नावं देण्याची पद्धत मांडली. थॉमस कून यांनी 1962 च्या पुस्तकात वैज्ञानिक क्रांतीची जी उदाहरणं घेतली, त्यात हे एक महत्त्वाचं. आपण ज्याला सरसकट ‘पॅराडाइम शिफ्ट’ म्हणतो, ते या मापाचं असतं. नवीन सॉफ्टवेअर वापरलं म्हणजे पॅराडाइम शिफ्ट होत नाही.

क्रांती हा एक कोन आहे

आता दुसरा शब्द. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. त्यातून क्रांती, संक्रांती, उत्क्रांती, विक्रम आणि पुणेकरांच्या रोजच्या ओळखीचं अतिक्रमण! राज्यक्रांती, हरित क्रांती हे अर्थ नंतरचे. भारतीय ज्योतिषात क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, तो कोन. सूर्याच्या वार्षिक मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात ते म्हणूनच. गंमत म्हणजे युरोपातला ‘रेव्होल्युशन’ही आकाशातूनच खाली उतरला. कोपर्निकसच्या 1543 च्या ग्रंथाच्या नावात तो आहे, पण तिथे अर्थ उलथापालथ नाही, फिरणं आहे.

हा कोन कसब्यातल्या गच्चीवरही बघता येतो. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5 अंश उत्तर. 13-14 मेच्या सुमारास सूर्याची क्रांतीही तेवढीच होते. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. हाच शून्य सावली दिवस. मी गच्चीत तांब्याचा सरळ उभ्या कडांचा पेला ठेवून बघितलाय. काही क्षण भोवती सावलीच नव्हती. बघताना चमत्कार वाटतो, पण त्या दिवसांत क्रांती रोज जेमतेम पाव अंशाने सरकत असते. ‘अचानक’ दिसलेली घटना रोजच्या मोजता येणाऱ्या बदलातून आलेली असते.

आणि मुख्य मुद्दा असा: हा कोन विषुववृत्तापासून मोजतात. विषुववृत्त काढून घेतलं तर ‘क्रांती 18.5 अंश’ या वाक्याला अर्थच राहत नाही. मॅडमचा ‘कशाच्या तुलनेत?’ म्हणजे नेमकं हेच: तुझं विषुववृत्त कुठंय?

लिहिण्याआधी स्वतःला विचारा

1. माझी आधाररेषा कोणती? कोणत्या वर्षाच्या, नमुन्याच्या किंवा पद्धतीच्या तुलनेत बदल झाला?
2. मूळ कोणतं, शेंडा कोणता? दोन्हींचा पुरावा आहे का?
3. काय बदललं नाही? याचं उत्तर येत नसेल तर आपण अजून नीट बघितलेलं नाही.

तिन्ही उत्तरं असतील तर ‘आमूलाग्र’ बिनधास्त लिहा. शब्द वाईट नाही, महाग आहे.

माझं वाक्य शेवटी असं झालं: ‘लेप नसलेल्या तांब्याच्या तुलनेत, तितक्याच आर्द्रतेत आणि तापमानात, लेप दिलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर किती हळू वाढतो, हे वजनातल्या वाढीवरून मोजायचं आहे.’ वाचायला कोरडं आहे. पण यातलं काय मोजायचं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये शिरताना माहीत होतं. आधीच्या वाक्याने ते सांगितलं नव्हतं.