दागिन्यांची चंची

परगावच्या लग्नाला निघायचं असलं की साड्या आठवडाभर आधी ठरतात. दागिन्यांची बांधाबांध मात्र रिक्षा दारात उभी राहिल्यावर होते. सराफाच्या गुलाबी कागदाच्या दोन-चार पुड्या, पावडरची एक रिकामी डबी, रुमालाची एक गाठ आणि हे सगळं कोंबलेली प्लास्टिकची पिशवी. कार्यालयात पोचून ती उघडावी तर मोहनमाळेची साखळी मंगळसूत्रात गुंतलेली, कुडीची एक फिरकी बेपत्ता आणि चिंचपेटी मधोमध मुडपलेली. मग करवलीपासून मावशीपर्यंत सगळ्याजणी नखांनी गाठी सोडवत बसतात आणि बाहेरून कुणीतरी मुहूर्ताच्या नावाने हाका मारत असतं.

हा घोळ टाळण्यासाठी कापडाची एक घडी शिवतात. उघडली की हातभर पसरते, तिच्यात कप्पे असतात, गुंडाळून नाडी बांधली की मुठीत मावते. दुकानांत ती ‘ज्वेलरी रोल’ म्हणून मिळते आणि परदेशी नखरा म्हणून विकली जाते. पण ज्याने आजोबांच्या कमरेची चंची पाहिली आहे, त्याला यात नवं काही दिसणार नाही. पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, प्रत्येकाला वेगळा कप्पा, कारण ओलं कोरड्याला लागलं की दोन्ही वाया. वर गुंडाळी आणि गुंडाळीवर दोरीचे दोन वेढे. चंची भरलेली असो की अर्धी रिकामी, दोरी तिला सारखीच घट्ट धरते. बटणाला ही सोय नाही. बटण एकाच जाडीसाठी लावलेलं असतं.

प्रवासाला निघालेल्या माणसाला अशी गुंडाळी हाताने शिवून देण्याची रीतही जुनीच आहे. इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सैनिकांजवळ सुया, दोरा आणि बटणं ठेवायची कापडी गुंडाळी असे. तिला ‘हाउसवाइफ’ म्हणत. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात आया, बहिणी, बायका ती शिवून मुलांच्या सामानात घालत. ब्रिटिश सैन्यात तर अशी गुंडाळी दुसऱ्या महायुद्धापर्यंत सरकारी साहित्यातच मिळत होती. शिवणारीला ठाऊक असे की तिकडे फाटलेल्या सदऱ्याला बटण लावून देणारं कुणी नाही. म्हणून काय काय लागेल याचा विचार तिने आधीच करून ठेवलेला असे.

भेट म्हणून दागिन्यांची गुंडाळी शिवायची असेल तर कामाची सुरुवात इथूनच होते, कापडापासून नव्हे. जिला द्यायची तिच्याजवळ काय आहे आणि ती प्रवासात काय नेते, हे आधी कळायला हवं. दुकानातली गुंडाळी कुणाच्याच दागिन्यांच्या मापाची नसते. तिच्यात अंगठ्यांसाठी वीतभर दांडी असते आणि आपल्याकडच्या बाईच्या बोटात एक नाहीतर दोन अंगठ्या. उलट ठुशीला जागा कुठेच नाही. चकित करायचं असल्याने विचारता तर येत नाही. मग लग्नाचे, डोहाळजेवणाचे, मुंजीचे फोटो काढून बसावं. तीन समारंभांत गळ्यात तीच ठुशी आणि कानात त्याच मोत्याच्या कुड्या दिसल्या की यादी तयार झाली.

साखळ्यांना गाठी का पडतात याचा अभ्यासही झालेला आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका खोक्यात दोरी टाकून ते खोकं यंत्राने गरागरा फिरवलं. एकदा-दोनदा नाही, 3,415 वेळा. त्यांचा निबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना हसतहसत दिला जाणारा इग नोबेल मिळाला. निष्कर्ष मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. गाठी काही सेकंदांत पडत होत्या. त्यांची दोरी 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड असली तर पडत नव्हत्या. दोरी ताठ असली किंवा तिला हलायला जागाच कमी असली तर गाठींचं प्रमाण घटत होतं. सोन्याची बारीक साखळी त्या दोरीपेक्षा कितीतरी लवचीक, त्यामुळे 46 चा आकडा तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण जागेची गोष्ट लागू पडते. साखळीला ऐसपैस कप्पा देणं म्हणजे तिला गुंतायला अंगण देणं. तिच्यासाठी दीड इंच रुंदीचा उभा, अरुंद कप्पा शिवावा, वर एक लूप ठेवावा आणि तिची कडी त्यात अडकवून बाकीची साखळी आत सोडावी. मोकळं टोकच उरलं नाही की गाठ मारायला काही राहत नाही.

आता कापड. मखमल पाहताक्षणी मनात भरते आणि माझ्या मते तीच आधी बाद करावी. खड्यांच्या कोंदणाचे दात तिच्या लवेत अडकतात. लोकरी फेल्टही नको. लोकरीत गंधक असतं आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. त्याच कारणाने रबरबँडही पैंजणांपासून लांब ठेवावेत. मोती तर सगळ्यांत नाजूक. मोहस् मापावर त्याचा कठीणपणा 2.5 ते 4.5 आणि हिरा 10 वर. एकाच कप्प्यात हिऱ्याची कुडी आणि तन्मणी ठेवले तर कुणावर ओरखडे उठणार हे सांगायला नको. हवाबंद प्लास्टिकही मोत्याला मानवत नाही. या सगळ्यावर तोडगा म्हणजे मऊ सुती कापड, तेही वापरून धुतलेलं. आजीच्या जुन्या नऊवारीचं अस्तर लावण्यात माया असेल ती असो, त्यात सोय मोठी आहे. अशा लुगड्यातली खळ कधीच निघून गेलेली असते आणि आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. नवंच कापड घ्यायचं तर आधी पाण्यातून काढून वाळवून घ्यावं.

बाहेरच्या कापडासाठी पहिला हात जातो खणाकडे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण, त्याचे काठ, ती चमक, शिवणाऱ्याला मोह पडणारच. पण खण कापलेल्या कडेने भराभरा सुटतो. त्याला आतून पेस्टिंगचं कॅनव्हास इस्त्रीने चिकटवून घ्यावं आणि मगच कात्री चालवावी. मधल्या थराला काहीजण फोम घालतात. दमट हवेत फोम पिवळा पडतो आणि काही वर्षांनी त्याचा भुगा होतो. त्यापेक्षा फ्लॅनेलचा एक थर बरा. तिन्ही थर एकमेकांवर ठेवून गोधडीसारखा धावदोरा घातला की घसरत नाहीत.

मापाचं म्हणाल तर नऊ इंच रुंद आणि तेरा इंच लांब तुकडा पुरतो. तीन घड्या पडल्या की चार-साडेचार इंचांची वळकटी होते. शिलाईसाठी कडेला अर्धा इंच जास्त घ्यावा. खणाला 11 नंबरची सुई, तीन थरांना 14, आणि कोपऱ्यात जिथे गोट, अस्तर, झिप सगळं एकावर एक येतं तिथे 16. त्या जाग्यावर पायाने मशीन पळवू नये. हातचाकाने एकेक टाका घ्यावा, नाहीतर सुईचं टोक उडून डोळ्यांशी येतं.

झिप नायलॉनचीच घ्यावी, धातूच्या दात्यांचं सोन्याशी जमत नाही. ती कप्प्यापेक्षा दोन इंच लांब असावी. नवशिके झिप मापात कापतात आणि रनर हातात येतो. रनर मधे ओढून घ्यावा, दोन्ही टोकांना दातांवरून चार-चार टाके पक्के घालावेत आणि मग जादाची कापावी. कडेचा गोट उरेब पट्टीचाच हवा. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, चुण्या पडतात. पंचेचाळीस अंशात तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते आणि कोपऱ्याभोवती निमूट बसते.

खरी अक्कल लागते ती कुड्यांच्या जागेला. कुडी म्हणजे पुढून सात मोती आणि मागून मळसूत्राची दांडी. ती कापडातून आरपार घालून मागून फिरकी फिरवायची, तर कापडाच्या दोन्ही बाजूंना बोटं पोचायला हवीत. तळाशी पक्क्या शिवलेल्या पट्टीत ते होत नाही. म्हणून एकाच कडेला शिवलेलं, वहीच्या पानासारखं उलटणारं दुहेरी कापड लावावं. त्यात काज-टाक्याने बारीक भोकं करावीत. पुढून मोती दिसतात, पान उलटलं की फिरक्या. त्या पानाखालीच बोटाच्या पेराएवढा कप्पा ठेवावा आणि त्यात जादा फिरक्यांची एक जोडी घालून द्यावी. रिकामं पाकीट देऊ नये म्हणून आपण त्यात रुपया घालतो. इथे फिरकी घालावी, ती रुपयापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते.

गुंडाळीला सगळं झेपत नाही, हेही मान्य करावं. पाटल्या, तोडे, बिलवर तिच्यात घातले की ती गोल फुगते आणि आतल्या मोत्यांवर दाब येतो. नथीची तार गुंडाळीत वाकते, तिला तिच्या डबीतच राहू द्यावं. चिंचपेटीसाठी मधल्या घडीच्या आत बसेल असा सपाट, लांबट कप्पा करावा, म्हणजे गुंडाळताना ती मुडपत नाही. आणि भरलेली गुंडाळी बसमध्ये वा विमानात देण्याच्या बॅगेत कधीच टाकू नये. ती खांद्यावरच्या पर्समध्येच हवी.

राहता राहिला खणाचा मोह. चमकदार खणाची, रेशमी गोंड्यांची वळकटी पर्समधून डोकावली की फलाटावरच्या कुणालाही आत काय आहे ते कळतं. म्हणून माझं मत असं की खण आत जावा, कप्प्यांवर, आणि बाहेरून साधी तपकिरी खादी किंवा जुनी जीन्स लागावी. शिवणारीला हे जड जातं, कारण सगळी मेहनत आत झाकली जाते आणि आहेराच्या ढिगात ती गुंडाळी कुणाच्या नजरेतच भरत नाही. एखादी काकू ती उलटसुलट करून विचारते, “हे गं काय? औषधांची पिशवी वाटतं?” तिला होच म्हणावं.