पायवाटांचें पुस्तक वाचावें कसें?

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत कोलोरॅडो नदीनें कोरलेल्या ‘ग्रँड कॅन्यन’ या प्रचंड दरीचें १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें पायीं फिरूं इच्छिणारा प्रवासी आधीं पायवाटांचें मार्गदर्शक पुस्तक घेतो आणि बहुधा मैलांचाच आंकडा पाहतो. घोटाळा होतो तो येथेंच.

दक्षिण कड्यावरून नदीकांठच्या मुक्कामाकडे उतरणारी ‘साउथ कायबॅब’ ही वाट सुमारें ७ मैलांची, तर ‘ब्राइट एंजल’ साडेनऊ मैलांची. आंकड्यावर भुललेला मनुष्य जातां-येतां पहिलीच पत्करतो. पण त्याच पानावर पुढें लिहिलेलें असतें कीं, त्या वाटेवर पाणी मुळींच नाहीं आणि सावलीही नांवापुरतीच. डोंगर चढतांना दम आधीं लागतो, म्हणून माणूस वेळींच माघारा फिरतो. येथें उतार आधीं, आणि सुमारें ४,८०० फुटांचा चढ थकलेल्या पायांसाठीं राखलेला! उतरण्याच्या दुप्पट वेळ चढण्यास धरावा. जाणते लोक परवाना काढून रात्र खालीं काढतात व ब्राइट एंजलनें वर येतात.

पुस्तकाच्या छपाईचें सालही पाहावें. ब्राइट एंजलवरील ‘इंडियन गार्डन’ या विसाव्याचें नांव २०२२ सालीं ‘हवासुपाई गार्डन्स’ झालें. नांव बदलल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु तेथें पाणी पुरविणारा जुना नळ २०१० पासून ८५ हून अधिक वेळां फुटला आहे. तेव्हां छापील पानावर ‘पाणी मिळतें’ असें असलें, तरी नळ चालू आहे कीं नाहीं हें निघण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरींत विचारावें, आणि मगच बरोबर पाणी किती घ्यावयाचें तें ठरवावें.