चाकाच्या पोटातलं खारं पाणी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात लोखंड फार दिवस नवं राहत नाही. गिरीज अगदी किनाऱ्यावरचं गाव नव्हे. समुद्र भुईगावापलीकडे, खाडी दक्षिणेला किल्ल्याच्या अंगाला. तरी केळीच्या वाड्यांतून येणारा वारा खाराच. खिडकीचे गज, सायकलची चेन, विहिरीवरच्या पंपाचे नटबोल्ट, कुणालाच तो सोडत नाही. पण दिसणारा गंज परवडतो, रंगाचा डबा आणून त्याचा बंदोबस्त होतो. न दिसणारा गंज चाकाच्या हबमध्ये बसतो. आणि ते चाक जर समुद्राच्या पाण्यात उतरणारं असेल, म्हणजे बोटीच्या ट्रेलरचं असेल, तर एका मोसमात तो काम तमाम करतो.

बोटीचा ट्रेलर ही गिरीजच्या नाक्यावर रोज दिसणारी वस्तू नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथल्या कोळ्यांच्या मोठ्या बोटी त्यावर मावायच्याच नाहीत. त्या पाण्यात नांगरून असतात आणि पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून घेतात. ट्रेलर लागतो तो छोट्यांना: फायबरची होडी, पुरात लोकांना काढणारी बोट, अलिबागपासून तारकर्ली-कळंगुटपर्यंत पर्यटकांना फिरवणाऱ्या जेट-स्की. जीप किंवा ट्रॅक्टर उलटा घ्यायचा, ट्रेलरची चाकं पाण्यात जाऊ द्यायची, बोट तरंगली की रिकामा ट्रेलर ओढून वर आणायचा. काम पाच मिनिटांचं. त्या पाच मिनिटांत हबच्या आत काय घडलं, ते कळतं महिन्या-दोन महिन्यांनी, भर महामार्गावर.

ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाहीत, बऱ्याच छोट्या ट्रेलरना ब्रेकही नसतो. फिरणारं जे काही आहे ते हबमध्ये. एक्सलच्या टोकाला स्पिंडल, त्यावर दोन बेअरिंगं, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान, दोन्ही निमुळत्या रोलरची. रोलर बसवलेली आतली कडी म्हणजे कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची गुळगुळीत कडी म्हणजे कप. मागून रबरी सील. पुढे नट, त्यातून जाणारी स्प्लिट पिन आणि वर पत्र्याची टोपी. बस्स, एवढंच यंत्र.

रोलर निमुळते असण्याला कारण आहे. चाकावरचा भार फक्त वरून येत नाही, वळणावर तो बाजूनेही रेटतो. निमुळता रोलर दोन्ही पेलतो. शिवाय त्यांचा उतार असा कापलेला असतो की सगळ्या रोलरच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या एक्सलच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर घासटत जाण्याऐवजी लोळत जातो. १८९८ साली याचं पेटंट घेणारे हेन्री टिमकेन अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घोडागाड्या बनवत. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १७९४ मध्ये, वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं होतं, तेही गाडीच्या आसासाठीच. आणि इटलीतल्या नेमी सरोवराचं पाणी उपसून रोमन सम्राट कॅलिगुलाची जहाजं बाहेर काढली, तेव्हा त्यांत गोळ्यांवर फिरणाऱ्या चौथऱ्याचे अवशेष सापडले. म्हणजे बोटीची आणि बेअरिंगची ओळख ट्रेलरच्या पुष्कळ आधीची आहे.

आता त्या पाच मिनिटांकडे वळू. पन्नास-साठ किलोमीटर ओढून आणलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो. तो ७० अंशांवर आहे आणि समुद्राचं पाणी २८ अंशांवर आहे असं धरा. हब पाण्यात बुडाला की आतली हवा झपाट्यानं थंड होते आणि आकसते. गणित केलं तर आतला दाब सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. ही ओढ जवळजवळ सव्वा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढी. त्यात हब स्वतः फूट-दीड फूट पाण्याखाली. रबरी सीलची ओठासारखी कड मुळात आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेली असते, एवढ्या ओढीला ती पुरी पडेलच असं नाही. मग हब खारं पाणी आत ओढून घेतो, आणि बाहेर आल्यावर त्याच सीलमुळे ते आतच कोंडून राहतं.

म्हणून पहिला नियम अगदी फुकटचा आहे: धक्क्यावर पोचलात की लगेच पाण्यात उतरू नका. अर्धा तास थांबा, दोऱ्या सोडा, चहा घ्या, हबला हात लावून बघा. बेअरिंगं वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि याच्याइतका टाळला जाणाराही. भरती कुणासाठी थांबत नाही, हे कारण तयारच असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गाड्या नेणारी वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाल्यापासून खाडीच्या धक्क्यावरून गाड्यांची ये-जा वाढली आहे. त्यांच्या मालकांनी हे वाचून घाबरू नये. रॅम्पवरचे शिंतोडे वेगळे आणि हब पाण्यात बुडणं वेगळं. महिन्याकाठी गोड्या पाण्यानं खालून धुवा, पुरे.

बेअरिंगचं पोलाद कमालीचं कठीण असतं, पण गंजतं. नेहमीच्या बेअरिंग-पोलादात कार्बन साधारण एक टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. पोलाद स्टेनलेस म्हणवायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. म्हणजे खाऱ्या पाण्यापुढे रोलर उघडाच. त्याला वाचवतो तेलाचा पापुद्रा, जो चालत्या बेअरिंगमध्ये अनेकदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. पाणी तो पापुद्रा मोडतं, आणि मीठ पोलादावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. त्या खड्ड्याच्या कडेवरून रोलर दर फेरीला ठेचकाळत जातो. कड तुटते, कपची उडते, ती कपची पुढच्या रोलरखाली सापडते. पुढचं सगळं आवाजातून कळतं: आधी बारीक घरघर, मग गुरगुर, मग चाकाचं हलकंसं डुलणं. त्यानंतर आवाज बंद झाला तर सुटकेचा श्वास टाकू नका, मागे वळून चाक जागेवर आहे का ते पाहा.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असा समज आहे. ग्रीसमध्ये साबणासारखा एक पदार्थ असतो आणि त्याच्या जाळीत तेल स्पंजमधल्या पाण्यासारखं धरलेलं असतं. लागेल तसं ते सुटतं. हा पदार्थ लिथियमचा, कॅल्शियमचा, ॲल्युमिनियमचा असू शकतो. काहींचं एकमेकांशी पटत नाही. दोन न जुळणारी ग्रीसं एकत्र आली की जाळी मोडते आणि सगळं पातळ होऊन सीलवाटे गळतं. म्हणून ‘डब्यात उरलंय तेच भरा’ हे गॅरेजातलं नेहमीचं वाक्य इथे चालत नाही. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या हबसाठी पाण्यानं धुऊन न जाणारं, बोटीच्या कामाचं ग्रीस घ्यावं, आणि ते भरण्याआधी जुनं पूर्ण काढावं.

हे काम एका दुपारचं. चाक जॅकवर घेऊन आधी वर-खाली धरून हलवून बघायचं, किती खेळतंय ते. टोपी, पिन, नट काढून हब ओढायचा. ग्रीस दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी शिरलंय. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुवायची आणि फडक्यानं, हवेवर सुकवायची. इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. गॅरेजातली पोरं कंप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवून शिट्टी वाजवतात. ऐकायला मौज वाटते, पण कोरडं बेअरिंग त्या वेगात खराब होतं, आणि फुटलं तर रोलर गोळीसारखे सुटतात.

सुकलेला रोलर बोटानं फिरवून उजेडात बघायचा. निळसर झाक म्हणजे तो तापून गेला. खड्डा, पट्टा, खरखर यांतलं काहीही दिसलं तर कोन आणि कप दोन्ही बदलायचे. नवा कोन जुन्या कपात घालण्याची काटकसर महिनाभरही टिकत नाही. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, ग्रीस दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटींतून वर येईपर्यंत. वरून लिंपलेलं ग्रीस शोभेचं. सील दर वेळी नवं.

नट आवळणं हा सगळ्यात नाजूक भाग, आणि जास्तीत जास्त बेअरिंगं इथेच मरतात. ताकद दाखवायची सवय असलेला हात नट घट्ट करून टाकतो, कारण सैल चाकाची भीती वाटते. निमुळत्या बेअरिंगला ते मानवत नाही. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण सोडायचा आणि नुसत्या बोटांनी पुन्हा टेकवायचा. पिनेचं भोक जुळत नसेल तर किंचित मागे घ्यायचा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास खेळ राहिला तर तो हवाच असतो. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन हबला हात लावा: कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडा.

टोपीच्या जागी बसणारं स्प्रिंगचं झाकणही मिळतं. त्यातली चकती ग्रीसला साधारण तीन पीएसआय दाबाखाली ठेवते, म्हणजे दोनेक मीटर पाण्याइतक्या. वर सांगितलेल्या सव्वा मीटरच्या ओढीला ते पुरून उरतं. मात्र झाकणावरच्या ग्रीस भरायच्या निपलवर ग्रीसगन लावून हौसेनं दाबत राहिलं की मागचं सील फुटतं. आणि हे झाकण आहे म्हणून हब उघडायलाच नको, असं मानणाऱ्यांचीही कमी नाही.

आपल्याकडे ही शिस्त नवी नव्हती. बैलगाडीखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं लटकलेलं असे. आस कुरकुरायला लागला की गाडीवान थांबून एरंडेलात कालवलेलं वंगण लावी, कारण ते केलं नाही तर बैलांना ओढ जास्त बसे आणि ती त्याला समोर दिसे. रेल्वेनंही ही भीती जपली आहे. तापलेला आस, रेल्वेच्या बोलीत ‘हॉट ॲक्सल’, पुढे गाडी रुळावरून उतरवू शकतो. म्हणून गाडी शिरताना कर्मचारी रुळाशी उभे राहून चाकांकडे कान देतात, तापमान मोजतात. मोटारगाडीच्या बंद, आयुष्यभर न उघडायच्या बेअरिंगांनी मात्र आपल्याला विसरायची सवय लावली. मोटारीला ते चालतं. ट्रेलर दिसायला मोटारीच्या जातीचा असला तरी त्याची गरज बैलगाडीची आहे.

१ जूनला मासेमारीबंदी लागते, समुद्र बंद होतो आणि ट्रेलर ताडपत्रीखाली जातो. हे महिने त्याला वापराच्या महिन्यांहून वाईट. उभ्या चाकात रोलर एकाच जागी टेकलेले राहतात, ग्रीस खाली उतरतं आणि ओलसर हवेत प्रत्येक रोलरखाली गंजाची रेघ उमटते. कपावर समान अंतरावर आडव्या रेघा दिसल्या तर ट्रेलर एक पावसाळा न फिरवता उभा होता असं खुशाल समजावं. म्हणून ग्रीस मेअखेरीस बदलायचं, दिवाळीनंतर नव्हे. एक्सल ठोकळ्यांवर उचलून ठेवायचा आणि येता-जाता चाकं हातानं फिरवायची.

सुटे भाग मिळणं अवघड नाही. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, बेअरिंगच्या धंद्यात महाराष्ट्र जुना. पण नामांकित खोक्यात नकली माल घालणारेही याच बाजारात आहेत, तेव्हा भाव फारच कमी सांगितला तर दुकान बदलावं. जुन्या कोनावर कोरलेला नंबर वाचून तोच मागायचा, ‘ट्रॉलीचं द्या’ म्हणून भागत नाही. आणि बोट घेऊन मुंबई-गोवा रस्त्यानं तारकर्लीपर्यंत जायचं असेल, तर नुसती बेअरिंगं बरोबर नेऊ नयेत. अंधारात, पावसात, रस्त्याच्या कडेला कप ठोकून काढणं कुणाच्या हातचं काम नाही. बेअरिंगं, ग्रीस, सील सगळं आधीच भरलेला आख्खा हब डिकीत ठेवावा, सोबत नवी स्प्लिट पिन आणि त्या नटाला बसणारा पाना.