बदनावरची पाती

पवनचक्कीचं पातं लांबून इतकं गुळगुळीत दिसतं, की ते एखाद्या प्रचंड यंत्रातून अखंड बाहेर पडलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते कापडाचं असतं. काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं आणि तापवून घट्ट करायचं, अशा रीतीने ते घडतं. यातलं अंथरण्याचं काम आजही बऱ्याच प्रमाणात माणसांच्या हातांनीच होतं.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, राजगढच्या ईशान्येला असलेल्या बदनावरला, सुझलॉन या पवनचक्क्यांच्या कंपनीचा अशी पाती बनवण्याचा कारखाना आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. बदनावर हा धारच्या पवारांच्या संस्थानातला परगणा. पूर्वेला पवारांचंच देवास. तिथे कुमार गंधर्व १९४८ साली राहायला आले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. त्याच देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात.

कारखाना इथे असण्यामागे वारा आहे आणि रस्ताही आहे. पातं दुमडता येत नाही, आणि तुकडे करून टेकडीवर जोडायचं म्हटलं तर सहसा जमत नाही. सुझलॉनच्या एस-१११ या चक्कीचं एक पातं सुमारे ५५ मीटर लांब. एवढा ऐवज घेऊन ट्रेलर निघाला की प्रत्येक वळण, प्रत्येक वीजतार, प्रत्येक गावातला चौक आधी मोजून ठेवावा लागतो. म्हणून जमिनीवरच्या चक्क्यांच्या पात्यांचे कारखाने सहसा मोठं शहर शोधत नाहीत. ते चक्क्या जिथे उभ्या राहणार त्या पठारांच्या आसपास जातात.

सुझलॉनचं मुख्यालय पुण्यात. १९९५ साली ती स्थापन करणारे तुलसी तांती मूळचे कापडधंद्यातले. सुरतेच्या कारखान्यात विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी आधी स्वतःसाठी दोन चक्क्या घेतल्या आणि मग तोच धंदा केला. २०२२ साली ते गेले. कापडाच्या माणसाने उभारलेल्या कंपनीत सगळ्यात मोठी वस्तू कापडाचीच निघावी, हा योगायोग मला फार आवडतो.

पातं लांब का करायचं? कारण वाऱ्यातून मिळणारी ऊर्जा चक्कीच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर ठरते. पातं २० टक्के लांब केलं की क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं. पण तोच आकार तसाच मोठा केला तर वजन ७३ टक्के वाढेल. ही दोन गणितं एकमेकांशी भांडत असतात आणि पात्याची सगळी विद्या त्या भांडणातून निघाली आहे. पोलाद इथे हरतं, कारण ते फार जड आहे. काचतंतू आणि एपॉक्सी रेझिन यांचं घट्ट झालेलं मिश्रण पोलादाच्या जेमतेम पाव वजनाचं असतं.

काच ठिसूळ, मग ती इतका ताण कशी सोसते? १९२०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी याचं उत्तर शोधलं. काच तुटते ती तिच्या अंगावरच्या बारीक चिरांमुळे. धागा जितका बारीक, तितकी मोठी चीर मावायला जागा कमी, म्हणून बारीक धागा आश्चर्य वाटावं इतका मजबूत निघतो. पात्यातला एकेक तंतू १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतो. अशा कोट्यवधी तंतूंना जागच्या जागी धरून ठेवणं आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवणं, हे रेझिनचं काम.

पण तंतू भार घेतो तो फक्त त्याच्या लांबीच्या दिशेने, आणि तोही सरळ असेल तरच. म्हणून पात्याचं कापड नेहमीसारखं विणलेलं नसतं. विणताना धागा वरखाली होतो आणि तेवढ्यानेच त्याची ताकद घटते. इथे धागे शेजारी शेजारी सरळ मांडून वरून बारीक टाके घालतात. पात्याच्या कण्यात, ज्याला स्पार कॅप म्हणतात, जवळजवळ सगळे धागे मुळापासून टोकापर्यंत एकाच दिशेने जातात, कारण वाऱ्याने वाकणं तिथेच सोसायचं असतं. पिळाचा ताण येतो त्या बाहेरच्या कवचात मात्र धागे तिरपे, ४५ अंशांत. शिंपी ज्याला उरेब म्हणतो, तेच हे.

साच्यावर, पातं त्याला चिकटू नये म्हणून, रसायन फिरवलं की अंथरणं सुरू होतं. कवचाचे दोन अर्धे, दोन साचे. खाली कापड, त्यावर तयार स्पार कॅप, मधल्या जागेत बाल्सा लाकडाचे किंवा फोमचे हलके ठोकळे, वर पुन्हा कापड. कोणता थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणत्या थरावर किती चढतो, हे सगळं आधी ठरलेलं असतं. मुळाशी थर अनेक, टोकाकडे मोजके. माणसं साच्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहून कापड उलगडतात, ताणतात, हाताने सारखं करतात. कण्यातल्या कापडाला एक लाट राहिली, बोटभर उंचीचीही नाही, तरी दाब येईल तेव्हा धागे तिथेच बाहेर फुगतील आणि पातं तिथून जाईल. नंतर वरून रंग चढल्यावर ती लाट डोळ्यांना दिसणार नाही.

मग निर्वात. सगळ्या थरांवर नंतर सोलून काढायचं सोलपट कापड, रेझिन पसरवणारी जाळी, रेझिनच्या नळ्या आणि सर्वांत वर प्लॅस्टिकची बॅग. तिच्या कडा चिकट पट्टीने बंद करून आतली हवा पंपाने ओढून घेतात. हवा गेली की बाहेरचं वातावरणच कापडावर दाब देतं. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस मीटरला १० टनांहून किंचित जास्त. माळव्याचं पठार सुमारे ५०० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे तो पावणेदहा टनांच्या आसपास भरतो. मग पंप बंद करून पाहतात की दाब टिकतो का. कुठे सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी काटा सरकतो. तो सरकला की माणसं कडेकडेने कान देऊन, हात फिरवून गळती शोधतात. ती सापडेपर्यंत रेझिन सोडत नाहीत. ही शिस्त मला या सगळ्या कामाचा गाभा वाटते, कारण आत शिरलेली हवा रेझिनमध्ये फुगा बनून कायमची राहते.

रेझिन आणि हार्डनर वजनाने मोजून मिसळतात. नळी उघडली की ते जाळीतून पसरतं, कोरडं पांढरं कापड ओलं होत जातं आणि ओलाव्याची कड हळूहळू पुढे सरकते. घाई केली तर कोरडे ठिपके राहतात. उशीर झाला तर वाटेतच घट्ट होतं. माळव्यात मे महिन्यातली उष्णता, जुलैतली दमट हवा आणि जानेवारीची थंडी, तिघी रेझिनचा स्वभाव बदलतात, म्हणून हॉलची हवा ताब्यात ठेवावी लागते. शेवटी साचा तापवून एपॉक्सी घट्ट करतात.

दोन अर्ध्या कवचांच्या मध्ये उभ्या भिंती, म्हणजे वेब, चिकटवतात आणि मग वरचा साचा खालच्यावर उलटतात. पातं बंद झालं की आतली चिकटरेघ पुन्हा डोळ्यांनी पाहता येत नाही. अल्ट्रासाउंडने आणि ठोकून आवाज ऐकून ती तपासतात. पुढे कडा घासणं, रंग, मुळाशी बोल्ट आणि विजेचा आघात जमिनीत उतरवणारी तार. एका चक्कीची तीन पाती वजनाच्या हिशेबाने एकमेकांशी जुळवून पाठवतात.

इतकी काळजी का, याचं उत्तर फेऱ्यांमध्ये आहे. मिनिटाला १२ फेरे धरले तर ५५ मीटरच्या पात्याचं टोक तासाला सुमारे २५० किलोमीटर वेगाने जातं, आणि वीस वर्षांत फेरे दहा कोटींच्या घरात पोचतात. प्रत्येक फेऱ्यात पातं एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना स्वतःच्या वजनाने उलटसुलट ताणलं जातं. २००८ साली सुझलॉनला याची मोठी किंमत मोजावी लागली. अमेरिकेत विकलेल्या चक्क्यांच्या काही पात्यांना भेगा दिसल्या आणि कंपनीने १,२५१ पाती मजबूत करण्याचा किंवा बदलण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पोलाद विकत घेताना ताकद आधीच कारखान्यातून बांधून येते, आपण ते फक्त कापतो आणि जोडतो. इथे वस्तू आणि तिचं द्रव्य एकाच वेळी, एकाच साच्यात जन्मतात. ताकद विकत मिळत नाही, ती अंथरणाऱ्याने करायची असते.

धार शहरातला लोहस्तंभ याच जातीचं काम आहे. लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडलेला, एकूण १३ मीटरहून लांब, सुमारे ७ टनांचा. तो ओतलेला नाही. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे एकेक करून ठोकून जोडत तो वाढवला आहे. राजा भोजाच्या या राजधानीत ज्यांनी हे केलं, त्यांच्यापुढेही सांध्याच्या आतलं न दिसण्याचा प्रश्न होता.

काचतंतूची कामं इतरही रीतींनी होतात. पाण्याच्या टाक्या हाताने ब्रश फिरवून बनतात. पाइप फिरत्या साच्यावर धागा गुंडाळून. केबलच्या मार्गिका धागे रेझिनमधून ओढून. विमानाचे भाग दाबाच्या भट्टीत. पात्याची रीत या सगळ्यांत वेगळी ठरते ती आकारामुळे: ५५ मीटरची दाबभट्टी परवडत नाही, म्हणून बॅग आणि वातावरण.

बदनावर तालुक्यात भैंसोला इथे पीएम मित्र योजनेचं मोठं वस्त्रोद्यान उभं राहतंय, २०२५ साली पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. कापसाचं कापड आणि काचेचं कापड एकाच तालुक्यात हाताळलं जाणार आहे. कापड सरळ पडतंय की नाही हे बोटांनी ओळखणारी माणसं दोन्हीकडे लागतील, आणि त्या कौशल्याला कागदावरही नाव आणि दर्जा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

एक प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. एपॉक्सी एकदा घट्ट झालं की वितळत नाही. जुनी पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घातली तर रेझिन जळून इंधन होतं आणि काच क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत, मिसळते, पण धाग्याची ताकद तिथे वाया जाते. २०२१ साली सिमेन्स गमेसाने अशी पाती जाहीर केली, ज्यांचं रेझिन सौम्य आम्लात सुटतं आणि धागे मोकळे निघतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या जुन्या चक्क्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत. तिथली पाती उतरवायची वेळ येईल तेव्हा हे तंत्र आपल्याकडे तयार असायला हवं, आणि बदनावरच्या साच्यावर आज अंथरल्या जाणाऱ्या कापडात कोणतं रेझिन मुरवायचं, हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागेल.