जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

आमच्या ताईच्या लॅपटॉपमध्ये विंडोज १० होते. त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या. नवा लॅपटॉप घेणे परवडत नाही, म्हणून लिनक्स मिंट २२ बसवायचे ठरले. ते जुलै २०२४ मध्ये आले, फुकट मिळते, आणि दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

आधी ते पेनड्राइव्हवर घ्यावे लागते. नुसती फाइल टाकून भागत नाही, वेगळा प्रोग्रॅम लागतो. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते बरं का! मग लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा. गंमत अशी, की काहीच न बसवता लिनक्स चालवून बघता येते. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. थोडे हळू चालते, पण वायफाय, आवाज, कॅमेरा आम्ही असेच तपासून घेतले.

खरी भीती पुढेच. बसवताना डिस्क पुसायला सांगितली, की जुने फोटो गेलेच समजा. त्यात आमच्या आजीचे फोटो होते, आणि आजी आता नाही. ताईने ते आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतले, एकेक उघडून पाहिले, मगच पुढचे बटण दाबले.

लिनक्समध्ये मराठी कीबोर्डही निवडता येतो. हा लेख मी त्यावरच लिहिला आणि मग इथे हाताने उतरवला.