अश्वत्थाम्याच्या शिक्षेची मुदत

नर्मदेची परिक्रमा करून आलेल्या मंडळींकडून, कपाळावरच्या वाहत्या जखमेसाठी तेल मागत हिंडणाऱ्या एका धिप्पाड पुरुषाची हकिगत ज्यांनी लहानपणी ऐकली असेल, त्यांना २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी उभा केलेला अश्वत्थामा परका वाटण्याचे कारण नाही. गंगा आटली आहे, काशी हे भूतलावरचे अखेरचे शहर उरले आहे, आणि त्याच्या माथ्यावरील अवाढव्य वास्तूत सत्ताधीशाच्या हुकमाने गर्भवती स्त्रियांच्या उदरातून एक द्रव्य काढले जाते. बोलणारी मोटार आणि लांबलेल्या मारामाऱ्या करमणुकीच्या खात्यावर जमा कराव्यात.

सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर अभिमंत्रिलेले अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर सोडले, उत्तरेच्या उदरातील परीक्षितीला श्रीकृष्णाने जीवदान दिले, आणि मस्तकीचा मणी गमावून तो द्रोणपुत्र रानोमाळ झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्याने एका अजात बालकावर अस्त्र टाकले त्यालाच दुसऱ्या अजात बालकाचा, म्हणजे साक्षात कल्कीचा, पहारेकरी नेमण्याची दिग्दर्शक नाग अश्विन यांची कल्पना मला व्यासांच्या न्यायबुद्धीला शोभणारी वाटते.

याउलट, शेखर कपूर आणि दीपक चोप्रा यांच्या संकल्पनेतून २००६ साली निघालेल्या ‘रामायण ३३९२ एडी’ या इंग्रजी चित्रकथेत अभिषेक सिंग यांची रेखा विलक्षण तेजस्वी असली, तरी तेथे रामाच्या हद्दपारीला पितृवचनाऐवजी शत्रूपुढे शस्त्र ठेवल्याचा ठपका कारण होतो, आणि बापाच्या शब्दाखातर राज्य सोडणाऱ्या पुत्राची जागा शिस्तभंगाबद्दल शिक्षा झालेला एक शूर शिपाई घेतो. चित्रे डोळ्यांत राहतात. अयोध्येचा तो उंबरठा मात्र हरवतो.

वर्षांचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. परंपरेने कलियुगारंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये मानतात. त्यात २८९८ मिळवले की ढोबळमानाने सहा हजार भरतात, आणि चित्रपटातला अश्वत्थामा तितकी वर्षे वाट पाहतो. महाभारतातील शापाची मुदत मात्र अवघी तीन हजार वर्षांची आहे. त्याच कालगणनेने ती इसवी सन उजाडण्यापूर्वीच संपली. नर्मदेकाठच्या लोकांनी तो हिशेब कधी मांडला नाही. तेथे तो अजून तेल मागत फिरतो.