पाठ्यपुस्तकातून जपानी शिकताना

वाचकहो, नवी भाषा शिकायची म्हटले की आपल्या द्वीपावर इंग्रजी-फ्रेंचपलीकडे सहसा कोणाची नजर जात नाही. आमच्या भाच्याची गेली. त्याने जपानीचे पुस्तक मागवले, उत्साहाने आठ धडे वाचले आणि मग ते कपाटावर ठेवून दिले. "मामा, वाचले की सगळे समजते, पण तोंडातून काही निघत नाही," असे तो आम्हाला क्रिओलमध्ये म्हणाला.

शिकवणे हा आमचा व्यवसाय. ते पुस्तक आम्ही खाली काढले आणि रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर विद्यार्थी होऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

जपानीच्या आरंभीच्या अभ्यासासाठी दोन पुस्तके प्रसिद्ध आहेत. 'मिन्ना नो निहोंगो' १९९८ साली निघाले. त्याच्या प्राथमिक पायरीच्या दोन भागांत मिळून ५० धडे आहेत. मुख्य पुस्तक जपानीतच असते, भाषांतर व व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात असतात. ते दुसरे पुस्तक न घेता एकट्याने शिकणारा पहिल्याच धड्यात अडतो. 'गेंकी' १९९९ साली निघाले. त्याच्या दोन भागांत २३ धडे असून स्पष्टीकरण इंग्रजीत आहे. दोहोंपैकी कोणतेही एक घ्यावे आणि ते तडीस न्यावे.

पहिली गोष्ट लिपीची. हिरागाना व काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. ती आधी हाताने गिरवावीत. रोमन अक्षरांवर विसंबणे आपल्या मुलांना विशेष घातक, कारण त्यांची जीभ फ्रेंच वळणाची. 'हाना' म्हणजे फूल, पण 'ह' गिळला की होते 'आना', म्हणजे भोक! तक्त्याचा क्रम मात्र आपल्या ओळखीचा आहे: आ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा हा ठसा आहे.

दुसरी गोष्ट, टीप इंग्रजीत वाचली तरी ताडून मराठीशी पाहावे. इंग्रजीत व क्रिओलमध्ये क्रियापद मध्ये येते, जपानीत ते आपल्यासारखे शेवटी. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास' म्हणजे 'मी भात खातो'. प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावावा: 'ताबेमास का?', 'खाता का?' 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि दोन्ही नामाच्या मागून येतात. 'मिन्ना'च्या १४ व्या व 'गेंकी'च्या ६ व्या धड्यात क्रियापदाचे 'ते' रूप येते. तेथे पुष्कळ जण थबकतात. आपल्याजवळ 'ऊन' आहे! 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघणे', जसेच्या तसे. 'वा' आणि 'गा' यांतील भेदाला मात्र मराठीचा आधार पुरत नाही, तेथे सरावच हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धडा डोळ्यांनी वाचून संपत नाही. प्रथम पुस्तक मिटून संवादाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. मग शब्द, मग व्याकरण, मग मोठ्याने सराव. उत्तरे वहीत लिहावीत, पुस्तकात नव्हे, म्हणजे तोच सराव महिन्याने पुन्हा करता येतो. वाक्यात आपले जीवन घालावे. भाच्याने धड्यातील रेल्वे स्टेशन काढून कात्र बोर्नचे बसस्थानक घातले, तेव्हा वाक्य त्याच्या लक्षात राहिले. नवा धडा उघडण्यापूर्वी मागचा संवाद न पाहता म्हणून दाखवावा.

एका संध्याकाळी आम्ही पुस्तक मिटून त्याला सोपा जपानी प्रश्न केला: आज सकाळी काय केलेस? तो गप्प. तेवढ्यात आजीने त्याला मराठीत विचारले, "जेवलास का रे?" त्याने क्रिओलमध्ये उत्तर दिले. हा मुलगा वर्षानुवर्षे मराठीत उत्तम गुण मिळवत आला, आणि त्याला मराठी शिकवली कोणी? आम्हीच! धडा वाचून घेतला, अर्थ सांगितला, प्रश्नोत्तरे लिहून घेतली. परीक्षा झाली, पुस्तक कपाटावर गेले. प्रशिक्षणात शिकलेले सारे वर्गात शिरताना आम्ही दाराबाहेर ठेवले होते, हे कबूल करायला लाज वाटते.

तेव्हापासून आमच्या मराठीच्या तासाची शेवटची दहा मिनिटे सर्वांची पुस्तके मिटलेली असतात. मुले चुकतात, हसतात, पण बोलतात. भाच्याचे जपानी हळूहळू पुढे सरकते आहे. गेल्या रविवारी त्याने आजीपुढे बशी धरली आणि म्हणाला, "आजी, खाऊन बघ." आजीने चमकून आमच्याकडे पाहिले.

वाचकहो, आपल्याही घरी एखादे पुस्तक कपाटावर असेल, जपानीचे किंवा मराठीचे. ते खाली काढा, एक धडा ऐका, आणि मग ते मिटून बोलू लागा.